केमोची तारीख पुढे गेली तर…

स्तनाच्या कर्करोगावरील केमोथेरपीविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच धास्ती दिसते: त्रास सांगितला तर डॉक्टर केमो थांबवतील, आणि केमो थांबली तर आजार डोके वर काढेल. या धास्तीपायी काही जणी त्रास लपवतात, तर काही जणी त्याला कंटाळून कोणालाही न सांगता रुग्णालयाची वाट सोडतात. म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ५६ आहे. स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया झाल्यावर तिला लाल औषधाच्या चार केमो सांगितल्या होत्या. तीन झाल्या. चौथीसाठी कराडला गेलो, तेव्हा पांढऱ्या पेशी कमी आल्याचे सांगून डॉक्टरांनी आठ दिवसांनी यायला सांगितले. नात्यातील एकांनी पपईच्या पानांचा रस आणि गुळवेलीचा काढा सुरू करायला सांगितला आहे. या आठ दिवसांत आजार वाढेल का? (कोरेगाव तालुका)

उत्तर : वाढणार नाही, आणि डॉक्टरांनी केले ते योग्यच केले. आपण ज्याला लाल औषध म्हणता ते डॉक्सोरुबिसिन. त्याच्याबरोबर सायक्लोफॉस्फामाइड देतात आणि ही जोडी साधारणपणे दर २१ दिवसांनी दिली जाते. भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालणे हा या औषधांचा धर्म असल्यामुळे कर्करोगाच्या पेशींबरोबर हाडांच्या मगजातील रक्त तयार करणाऱ्या पेशीही सापडतात. पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल ही जंतूंशी लढणारी पेशी मुळातच अल्पायुषी; त्यामुळे मगजाचे काम मंदावले की सर्वांत आधी तिचाच तुटवडा जाणवतो. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास ती तळाला जाते आणि तिसऱ्या आठवड्यात बहुधा सावरते. तीन आठवड्यांचे अंतर ठेवलेले असते ते याच सावरण्यासाठी. न्यूट्रोफिल १,५०० च्या आणि प्लेटलेट एक लाखाच्या पुढे गेल्याशिवाय पुढची केमो देऊ नये असा बहुतेक ठिकाणचा पायंडा आहे. काही तज्ज्ञ न्यूट्रोफिल १,००० असले तरी देतात. मगज सावरण्याआधीच पुढचा घाव घातला तर पेशी आणखी खाली जातात, आणि मग आठ दिवसांऐवजी तीन आठवडे रुग्णालयात काढण्याची वेळ येऊ शकते.

तरीही आपली काळजी अगदीच अनाठायी नाही. इटलीतील मिलान येथे जानी बोनादोना यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीचा जो अभ्यास केला, त्याचा वीस वर्षांचा पाठपुरावा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरलेल्या मात्रेपैकी किमान ८५ टक्के मात्रा मिळालेल्या स्त्रियांना सर्वाधिक लाभ झाल्याचे त्यात दिसले. ती औषधे वेगळी होती, शिवाय हा हिशेब मागाहून मांडलेला होता. ज्यांना कमी मात्रा मिळाली त्या मुळातच अशक्त असण्याची शक्यताही सोडता येत नाही. तरी ८५ टक्क्यांची ती रेघ आजही तज्ज्ञांच्या मनात असते. आपल्या आईंचा हिशेब करून पाहू. चार केमो प्रत्येकी २१ दिवसांच्या धरल्या तर कार्यक्रम ८४ दिवसांचा होतो. औषध पूर्ण मिळाले पण एक आठवडा जास्त लागला, तर ८४ दिवसांचे काम ९१ दिवसांत झाले, म्हणजे वेग सुमारे ९२ टक्के राहिला. असे दोन आठवडे गेले तर तो ८६ टक्क्यांच्या आसपास येतो आणि तीन गेले तर ८० वर उतरतो. म्हणून एका आठवड्याने घाबरायचे कारण नाही. प्रत्येक वेळी तसेच होऊ लागले, तर मात्र डॉक्टरांना त्याविषयी जरूर विचारावे.

त्यावर उपायही आहे. केमो संपल्यावर किमान २४ तासांनी फिलग्रास्टिमची इंजेक्शने रोज काही दिवस, किंवा पेगफिलग्रास्टिमचे एकच इंजेक्शन दिले, तर मगज लवकर कामाला लागतो. त्यानंतर कंबर आणि मांड्यांची हाडे दुखतात. ते औषध काम करत असल्याचे लक्षण आहे आणि दोन-चार दिवसांत ओसरते. आईंना हे दिले होते का, नसल्यास चौथ्या केमोनंतर द्यायचे का, हे पुढच्या भेटीत विचारावे.

पपईच्या पानांचा रस डेंग्यूत प्लेटलेटसाठी देतात, म्हणून तो येथेही चालेल अशी समजूत झाली आहे. न्यूट्रोफिल वाढवण्याचा गुण त्यात सिद्ध झालेला नाही. गुळवेलीविषयी अधिक स्पष्ट लिहितो. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना यकृताचा दाह झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे, आणि डॉक्सोरुबिसिनचा निचरा मुख्यतः यकृतातूनच होतो. पेशी वाढाव्यात म्हणून काढा घ्यायचा, आणि यकृताची तपासणी बिघडल्यामुळे पुढची तारीख पुन्हा ढकलायची, असा उलटा प्रकार त्यातून होतो. आपल्या सांगलीची हळद भाजी-आमटीत घालायला काहीच हरकत नाही. तिच्या अर्काच्या तीव्र गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

प्रश्न : वय ४४. दोन केमो झाल्या. पहिल्या वेळी दोन दिवस उलट्या झाल्या, दुसऱ्या वेळी पाच दिवस. आता रुग्णालयाच्या जिन्यातला वास आठवला तरी पोटात ढवळते. तिसरीला जायचे नाही असे मी ठरवले आहे. घरच्यांना अजून बोलले नाही. (तासगाव)

उत्तर : ताई, आपण न जाण्याचे ठरवले आहे, तरी एकदा फक्त हे सांगण्यासाठी जा. आपल्यालाही वर सांगितलेली डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फामाइड हीच जोडी चालू आहे. ही जोडी सर्वाधिक उलट्या करणाऱ्या गटात मोडते, आणि त्या गटासाठी चार प्रकारची औषधे एकत्र देण्याची पद्धत आहे: ऑनडान्सेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन, डेक्सामेथासोन, तीन दिवसांचे अ‍ॅप्रेपिटंट आणि रात्री ओलान्झापिन. आपल्या पत्रासोबतच्या चिठ्ठीत यांपैकी दोनच दिसतात. म्हणजे आपल्या शरीराला केमो सोसत नाही असे म्हणण्याआधी अजून दोन दारे उघडायची राहिली आहेत. ओलान्झापिन हे मूळचे मानसिक आजारांचे औषध असल्यामुळे दुकानदाराने काही विचारले तर बिचकू नका. त्याने झोप फार येते ही तक्रार खरी होती. परंतु मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २.५ मिलिग्रॅमची लहान मात्रा १० मिलिग्रॅमइतकीच उपयोगी ठरली आणि सुस्तीही कमी आली.

ही औषधे घड्याळाप्रमाणे घ्यायची असतात. उलटी झाल्यावर गोळी शोधायची सवय मोडली पाहिजे, कारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसांतील उलट्यांची व्यवस्था पहिल्या दिवशीच करावी लागते. वास आठवून मळमळणे यालाही स्वतंत्र उपचार आहे. आदल्या रात्री आणि त्या सकाळी एक सौम्य गोळी देतात, मात्र डॉक्टरांना ते माहीत असायला हवे. ऑनडान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतो आणि पोट साफ नसले की मळमळ आणखी वाढते, हा दुवा पुष्कळदा लक्षात येत नाही.

घरी त्या पाच दिवसांत फोडणी दुसऱ्या कोणी, शक्य तर दुसऱ्या घरी द्यावी. गरम अन्नाला वास अधिक येतो, म्हणून कोमट किंवा गार झालेली पेज, नाचणीची आंबील, मुगाची पातळ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी असे थोडे थोडे, दर दोन तासांनी घ्यावे. मूत्राशयाला सायक्लोफॉस्फामाइडचा त्रास होऊ नये म्हणून पाणी भरपूर प्यायला हवे. घोटभर पाणीही दिवसभर टिकत नसेल, आठ-दहा तास लघवी झाली नसेल किंवा उभे राहताच भोवळ येत असेल, तर सलाईनसाठी दाखल व्हावे. आणि घरच्यांना आजच सांगा. तिसऱ्या तारखेला बरोबर कोण येणार हेही त्याच बोलण्यात ठरून जाईल.

प्रश्न : पत्नीला केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री अकरा वाजता ताप आला. क्रोसिन देऊन झोपवले, सकाळी उतरला. पुढच्या भेटीत हे सांगितल्यावर डॉक्टर रागावले. एवढे काय चुकले? (जत)

उत्तर : त्या रात्री त्या बचावल्या, एवढेच म्हणता येईल. केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात १०० अंश ४, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप ही तातडीची अवस्था मानतात. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील, तर जंतुसंसर्ग झाला तरी पू होत नाही, सूज येत नाही, छातीच्या क्ष-किरण चित्रातही काही उमटेलच असे नाही. ताप हीच काय ती एकमेव हाक असते, आणि पॅरासिटामॉलने आपण तीच दाबून टाकतो. अशा रुग्णाला शिरेतून प्रतिजैविक शक्यतो तासाभरात मिळायला हवे. जतहून मिरजेला पोहोचायलाच त्याहून अधिक वेळ लागतो, म्हणून आपल्यासारख्यांनी केमो सुरू होतानाच दोन गोष्टी ठरवून ठेवाव्यात. पहिली, रात्री फोन कोणाला करायचा. दुसरी, जवळच्या कोणत्या रुग्णालयात पहिला डोस मिळू शकेल. आपल्या कर्करोगतज्ज्ञांनी तेथील डॉक्टरांसाठी लिहिलेली चिठ्ठी फाइलच्या पहिल्याच पानाला लावून ठेवावी. दारात पोहोचताच पहिले वाक्य “केमो चालू आहे, आज दहावा दिवस आहे” हे असावे. एरवी तापाच्या रांगेत बसवले जाते. प्लेटलेट कमी असू शकतात, म्हणून तपासणीपूर्वी कमरेत इंजेक्शन घेऊ नये. घरात थर्मामीटर हवाच. कपाळाला हात लावून ठरवण्याची ही वेळ नव्हे.

प्रश्न : बहिणीचे वय ३८. तिची केमो संपली असून दर २१ दिवसांनी ट्रास्टुझुमॅबचे इंजेक्शन वर्षभर घ्यायचे आहे. आमचे गाव कृष्णाकाठी आहे. २०१९ मध्ये आम्ही आठवडाभर माळ्यावर काढला होता. पावसाळ्यात रस्ते बंद झाले आणि तारीख हुकली तर? (भिलवडी परिसर, पलूस तालुका)

उत्तर : हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या वाचकाला सुचणार नाही, परंतु २०१९ आणि २०२१ हे दोन्ही महापूर पाहिलेल्या कोणालाही तो जवळचा वाटेल. आधी औषधापुरते उत्तर देतो. ठरल्या तारखेपासून आठवड्याच्या आत इंजेक्शन मिळाले, तर नेहमीचीच मात्रा देऊन पुढचा क्रम चालू राहतो. आठवड्याहून अधिक उशीर झाला, तर रक्तातील औषध खाली गेलेले असते आणि पहिल्या वेळी दिलेली मोठी मात्रा, म्हणजे वजनाच्या दर किलोला ६ ऐवजी ८ मिलिग्रॅम, पुन्हा द्यावी लागते. तेवढे केले की गाडी रुळावर येते. आतापर्यंतची इंजेक्शने वाया जात नाहीत. दर तीन महिन्यांनी हृदयाची इको तपासणी करायची असते. तिची तारीख पुरात जाणार असेल तर ती जूनमध्येच करून घ्यावी, कारण इको नाही म्हणून इंजेक्शन अडले, असे होता कामा नये. हृदयाची ताकद घटलेली दिसली तर डॉक्टर हे औषध स्वतःहून काही आठवडे थांबवतात आणि पुन्हा इको करून ठरवतात. तो विश्रांतीचा काळ उपचाराचाच भाग समजावा.

आता पुराविषयी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. इशारा पातळीची वाट न पाहता, कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी येताच आणि तारीख पुढच्या दहा दिवसांत असेल तर, बहिणीला विटा किंवा मिरजेकडील नातेवाइकांकडे हलवावे. केमोच चालू असलेल्या स्त्रीने तर पुराच्या पाण्यात पाय घालू नये आणि पाणी उकळूनच प्यावे. अशा वेळी पायाची साधी भेगही महागात पडते. फाइलमधील प्रत्येक कागदाचे छायाचित्र दोन फोनमध्ये असावे आणि त्यात औषधाचे नाव, मात्रा, शेवटची तारीख व आतापर्यंतची संख्या एका पानावर लिहून घेतलेली असावी, म्हणजे नेहमीच्या रुग्णालयात पाणी शिरले तरी दुसरीकडे काम अडणार नाही. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होत असतील, तर रुग्णालय बदलण्याआधी तेथील आरोग्यमित्राशी बोलावे. मंजुरीचे कागद आपोआप मागे येत नाहीत. घरी फिलग्रास्टिम ठेवले असेल तर ते २ ते ८ अंशांत राहायला हवे. वीज गेली म्हणून ते थेट बर्फात पुरू नये, कारण गोठणेही त्याला चालत नाही.

प्रश्न : दर आठवड्याच्या बारा पॅक्लिटॅक्सेलपैकी सात झाल्या. बोटांना मुंग्या येतात, सुईत दोरा ओवता येत नाही. परवा चप्पल पायातून निसटली ते चार पावलांनंतर कळले. हे सांगितले तर केमो बंद करतील म्हणून गप्प आहे. शिवाय वैशाखात मुलीचे लग्न आहे. नेमकी त्याच दिवशी एक तारीख येते. (फलटण)

उत्तर : लग्नाचे सोपे आहे, ते आधी. आठवड्याच्या केमोत दोन-तीन दिवस मागेपुढे केल्याने काही बिघडत नाही. लग्नाची तारीख आजच कळवा. डॉक्टर त्याप्रमाणे क्रम लावून देतील आणि त्या आठवड्यात रक्ततपासणीही करतील. न सांगता गैरहजर राहू नका, कारण मग पुढची तारीख कोणीच दिलेली नसते आणि तशा सुटलेल्या तारखा पुष्कळदा महिन्यांवर जातात. हळदीच्या दिवशी खोकणाऱ्या पाहुण्यांपासून थोडे लांब बसा, इतकेच.

मुंग्यांची गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यावी. पॅक्लिटॅक्सेल नसांच्या आतील वाहतूक बिघडवते आणि सर्वांत लांब नसा आधी दुखावतात, म्हणून त्रास पायाच्या व हाताच्या बोटांपासून सुरू होतो. तो मात्रेगणिक साठत जातो, आणि औषध थांबवल्यावरही काही आठवडे वाढू शकतो. म्हणजे बारावी होईपर्यंत दम धरू असे म्हणणाऱ्या स्त्रीला खरा त्रास तेराव्या-चौदाव्या आठवड्यात कळतो, आणि तोवर तो मागे घेता येत नाही. आज सांगितले तर मात्रा थोडी कमी करणे, एक आठवडा विसावा देणे, औषध बदलणे असे तीन-चार मार्ग डॉक्टरांच्या हाती आहेत. सरळ बंद करणे हा त्यांतील शेवटचा. आपले वर्णन, विशेषतः चपलेचे, जसे येथे लिहिले तसेच डॉक्टरांसमोर वाचून दाखवा. “थोड्या मुंग्या येतात” असे म्हटले तर त्यातून काहीच कळत नाही.

वेदना किंवा आग होत असेल तर ड्युलॉक्सेटिन या गोळीचा उपयोग होतो. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता तपासून घ्यावी. नसांची जीवनसत्त्वे म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावर अ‍ॅसिटिल एल कार्निटिन असे लिहिलेले असेल तर त्या घेऊ नका. या गटाची औषधे घेणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याने नसांचा त्रास वाढल्याचे अभ्यासात आढळले आहे. मांडवात अनवाणी फिरू नका आणि आंघोळीचे पाणी हाताने न पाहता कोपराने पाहा.

प्रश्न : आईचे वय ६८. आजार हाडांत आणि यकृतात पसरलेला आहे. दीड वर्षापासून कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू आहेत, आजार स्थिर आहे. तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. ती म्हणते, दोन महिने काहीच नको. आम्ही भाऊ-बहिणी यावरून भांडलो. (वाई)

उत्तर : येथे मोजपट्टी बदलते. आजार मुळापासून जावा म्हणून ठरावीक संख्येची केमो चालू असेल, तर तारखांना काटेकोरपणे जपायचे. आपल्या आईंच्या बाबतीत आजार ताब्यात ठेवणे आणि दिवस सुखाचे जाणे हे उद्दिष्ट आहे, आणि सुखाचे म्हणजे काय हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे. उपचार अखंड ठेवले तर आजार आटोक्यात राहण्याचा काळ वाढतो आणि आयुष्यातही थोडी भर पडते, असे अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसते. ती थोडी भर सोललेल्या तळव्यांनी विकत घ्यायची का, हा त्यांचा प्रश्न आहे. भावंडांनी मतदान करून सोडवायचा नव्हे.

मात्र दोन महिन्यांच्या सुट्टीआधी एक मधला मार्ग राहिला आहे. या गोळ्या १४ दिवस घेऊन ७ दिवस थांबायचे असते, म्हणजे विसावा मूळ रचनेतच आहे. भांडी उचलणे किंवा चालणे दुखू लागले की गोळ्या तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवायचे, तळवे बरे होईपर्यंत वाट पाहायची आणि नंतर गरजेप्रमाणे कमी मात्रेने सुरू करायचे. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या नाहीत. जुलाब नेहमीपेक्षा चारने वाढले तरी तसेच करावे. युरिया असलेले मलम दिवसातून दोन-तीनदा लावावे, कढत पाणी टाळावे आणि पायात मऊ मोजे घालावेत. एवढे करूनही आईंना सुट्टी हवी असेल तर आधी स्कॅन करावा, किती आठवड्यांनी पुन्हा तपासायचे ते लिहून घ्यावे, आणि दम लागणे, कावीळ, पाठीत नवे दुखणे यांपैकी काही दिसले तर त्याआधीच जावे.

आपण पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे की रेशन दुकानात आईंचा अंगठा यंत्रावर उमटत नाही आणि दुकानदार परत पाठवतो. तो अंगठा याच गोळ्यांनी पुसट झाला आहे. बोटांवरच्या रेषा झिजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. डॉक्टरांकडून तसे दोन ओळींचे पत्र घ्या, आणि तोवर कार्डावर नाव असलेल्या आपल्यापैकी कोणीतरी अंगठा द्यायला जा.